बोट ट्रेलरवर न्यायची तर… ड्राइव्हवे ते लेक आणि परत

डॅलसच्या उत्तरेला आमच्या प्लेनो-फ्रिस्को-मकिनी पट्ट्यात मराठी लोकांकडं आता बोटी दिसायला लागल्यात. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या तिघांनी घेतल्या आणि तिघांचेही फोन आले, अरे टो कसं करायचं जरा सांग ना. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. माझी बोट १९ फुटी बोरायडर (पुढच्या नाकातही बसायला जागा असलेली), आधी होंडा पायलटला लावायचो, आता जुना एफ-१५० ट्रक आहे. नेहमीचा रस्ता प्लेनोहून हायवे ७५ ने वर लेक टेक्सोमा, म्हणजे साठ-पासष्ट मैल. वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. ओढायला कुठलीही गाडी ओढते हो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दोन टन मागून येतातच. प्रश्न थांबायचा असतो. ७५ वर समोरच्यानं अचानक ब्रेक मारला की ते दोन टन तुमच्या पाठीशी असतात, आणि चांगल्या अर्थानं नाही. त्यामुळं खाली जे जे सांगतोय ते सगळं थांबता यावं आणि मागचं धूड सरळ राहावं याच्यासाठी आहे. आणि त्यातलं बरंचसं काम घराच्या दारात, गाडी सुरू करायच्या आधीच होतं.

आधी वजन, मग बाकीचं

बोट विकणारा ब्रोशरमधलं ड्राय वेट सांगतो. ड्राय म्हणजे पेट्रोल नाही, बॅटरी नाही, अँकर नाही, काही नाही, आणि बरेचदा ट्रेलरसुद्धा नाही! माझ्या बोटीचं ड्राय वेट २,९०० पाउंड, त्यात ट्रेलरचे ८५० मिळवा, मग ३५ गॅलन पेट्रोल म्हणजे गॅलनला ६ पाउंड धरून २१० झाले, वर लाइफ जॅकेट, दोऱ्या, ट्यूब, बर्फानं भरलेला कूलर आणि बायकोनं बरोबर घेतलेली अख्ख्या गावाला पुरेल एवढी भेळ. मी हिशेबानं ४,२५० काढलं होतं, काट्यावर ४,३८० भरलं. म्हणजे जवळपास दोन टन.

काटा म्हणजे हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल असतो तो. तिथं कुणीही जाऊ शकतं, फक्त ट्रकवाल्यांसाठी नाहीये. पंधरा-वीस डॉलरमधे गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर किती, मागच्यावर किती, ट्रेलरवर किती असा कागद हातात मिळतो. बोट पूर्ण भरून, माणसं गाडीत बसवून न्या, नाहीतर काय उपयोग.

आता गाडीची क्षमता. इथं आपले लोक हमखास गंडतात कारण सेल्समन म्हणतो हो हो ओढते. एकाच नावाच्या गाडीत फरक असतो. मागच्या पिढीची पायलट एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद) असेल तर ५,००० पाउंड आणि टू-व्हील असेल तर ३,५००. हायलँडर पेट्रोल ५,०००, हायब्रिड ३,५००. सिएना ३,५००. २०२५ पर्यंतची आरएव्ही-४ हायब्रिड १,७५०, म्हणजे कयाक आणि जेट स्कीच्या पुढं विचारच करू नका. तुमच्या वर्षाचं, तुमच्या ट्रिमचं मॅन्युअल उघडा, नेटवरच्या आकड्यावर जाऊ नका. काही क्षमता टो पॅकेज म्हणजे जादा ट्रान्समिशन कूलर वगैरे असेल तरच लागू असतात. आणि पायलटच्या मॅन्युअलमधे तर गाडीत जितकी माणसं जास्त तितकं टोइंग कमी असं टेबल दिलेलं आहे, जे मी पहिला पूर्ण सीझन वाचलंच नव्हतं. सहा माणसं, मागं बोट, आणि मी मजेत. आता विचार केला की पोटात गोळा येतो. माझं मत, लिहिलेल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ नका, म्हणूनच शेवटी ट्रक घेतला.

गाडी उलाळ होऊ द्यायची नाही

टंग वेट हा शब्द सारखा ऐकाल. ट्रेलरची पुढची दांडी गाडीच्या मागच्या जोडणीवर, म्हणजे हिचवर, जेवढा भार टाकते तो. गावाकडं उसाच्या मोळ्या भरताना मागं जास्त झालं की आजोबा ओरडायचे, गाडी उलाळ होतीय, पुढं सरकवा! उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढं जास्त भरली तर बैलाची मान मोडते. इथं बैलाच्या जागी तुमची गाडी आहे, बाकी फिजिक्स तेच.

एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला पाहिजे. कमी असेल तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो. जास्त असेल तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असल्यासारखं वाटत नाही. हिचची आणि गाडीची स्वतःची टंग वेटची मर्यादा असते तीही बघायची.

मोजायचं कसं? बाथरूमचा काटा ४५० पाउंड झेलणार नाही, पण एक जुगाड आहे. एका बाजूला काटा, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीची वीट, दोन्हींमधे बरोबर ३ फूट अंतर, वर ४ बाय ४ चं लाकूड आडवं टाका. ट्रेलरची दांडी विटेपासून १ फुटावर टेकवा. काटा जे दाखवेल त्याला ३ नं गुणा, झालं. फक्त लाकडाचं वजन आधी काट्यावर बघून ते वजा करा, दांडी हिचला जोडल्यावर असते तेवढ्याच उंचीवर ठेवा, आणि ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा.

माझा काटा १२० दाखवायचा, म्हणजे ३६०, आठ टक्क्यांच्या आसपास. कमी. मग विंच, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घ्यायचा हातरहाट, ज्या खांबावर असतो तो खांब ४ इंच पुढं सरकवला, म्हणजे अख्खी बोट तेवढी पुढं आली, आणि कूलर-अँकर मागून काढून पुढं ठेवले. साडेचारशेच्या आसपास आलं. खांब सरकवलात तर एक बघा, बोटीचा मागचा फळा, ज्याच्यावर इंजिनचं वजन असतं तो, ट्रेलरच्या बंकवरच, म्हणजे बोट ज्यांवर बसते त्या लांब पट्ट्यांवरच, टेकलेला राहिला पाहिजे. बंकच्या बाहेर लोंबकळता कामा नये, बोटीचा तळ वाकतो.

हिच आणि बॉल

रिसीव्हर हिचचे क्लास असतात. क्लास १ साधारण २,००० पाउंडांपर्यंत, क्लास २ म्हणजे ३,५००, आणि २ इंची चौकोनी भोकाचा क्लास ३ त्याच्या वर. लक्षात ठेवायचं ते हे की हिच, त्यात बसणारा बॉल माउंट, त्यावरचा बॉल, बॉलवर बसणारी दांडीच्या टोकाची टोपी म्हणजे कपलर, ट्रेलर, गाडी या सगळ्यांत ज्याचा आकडा सगळ्यात कमी तीच तुमची मर्यादा. ८,००० चा हिच लावून ३,५०० ची गाडी ८,००० ची होत नाही.

बॉल तीन मापांत येतात, १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच. माप आणि क्षमता बॉलच्या डोक्यावर कोरलेली असते, कपलरवरही माप असतं. यात घातकी प्रकार असा की २ इंची कपलर १ ७/८ च्या बॉलवर व्यवस्थित बसल्यासारखा वाटतो, लॅचसुद्धा लागतो, आणि मग पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडी मारून बाहेर येतो. वापरलेला ट्रेलर घेतला असेल तर माप डोळ्यांनी वाचा.

जोडल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर दिसला पाहिजे. नाक वर असेल तर भार मागं जातो, परत उलाळ. त्यासाठी खाली किंवा वर जाणारे बॉल माउंट मिळतात.

जोडताना

मी हे नेहमी एकाच क्रमानं करतो आणि मधे कुणी हाक मारली, पोरानं काही विचारलं, की परत पहिल्यापासून. हसतात घरचे. हसू देत.

गाडी मागं घ्या, कपलर बॉलच्या बरोबर वर आणा, जॅकनं दांडी खाली सोडा, लॅच लावा, लॅचमधे पिन किंवा कुलूप घाला. आता बहुतेक जण इथं थांबतात, तुम्ही थांबू नका. जॅक परत वर फिरवायला लागा, जोपर्यंत गाडीचं मागचं बूड इंच-दोन इंच वर उचललं जात नाही तोपर्यंत. गाडी उचलली गेली म्हणजे कपलरनं बॉल खरंच धरलाय. कपलर एकटाच वर आला तर देवाचे आभार माना की ते ड्राइव्हवेत कळलं. मग जॅक पूर्ण वर, फिरवून आडवा. जॅकचं चाक खाली राहून रस्त्यावर घासत गेलेले मी दोन तरी बघितलेत.

साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या, डावी उजवीकडं, उजवी डावीकडं. म्हणजे दांडी सुटलीच तर ती रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडते. वळताना ताण येणार नाही इतपत ढिल्या ठेवा पण जमिनीला लागता कामा नयेत. टेक्सासच्या उन्हाळ्यात साखळी डांबरावर घासून ठिणग्या उडतात आणि रस्त्याकडेचं वाळलेलं गवत पेटतं, हे इथं खरंच होतं. साखळी लांब असेल तर दोन पीळ द्या.

ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार, ती गाडीच्या हिचच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवायची. साखळीला नाही आणि बॉल माउंटला तर नाहीच, कारण माउंटच निसटून आला तर तारही त्याच्याबरोबर जाईल, मग ती ओढणार कोण?

बोटीच्या ट्रेलरला शक्यतो सर्ज ब्रेक असतात. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं ढकलला जातो, त्या धक्क्यानं दांडीतला मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. वीज लागत नाही, पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरला बरं पडतं. दांडीवरचं झाकण उघडून ब्रेक फ्लुइड बघत जा. रिव्हर्स घेताना, विशेषतः चढावर, याच धक्क्यानं ब्रेक लागून ट्रेलर अडतो, म्हणून ५ पिनचा प्लग असतो. पाचवी वायर गाडीच्या रिव्हर्स लाइटवरून येते आणि मागं जाताना ब्रेक सोडवते. गाडीला ४ पिनचंच सॉकेट असेल तर आपल्या चढाच्या ड्राइव्हवेत बोट मागं ढकलताना गाडी नुसती गुरगुरत बसेल, तेव्हा ट्रान्समिशनला शिव्या देऊ नका. टेक्सासमधे ४,५०० पाउंडांपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही, बऱ्याच राज्यांत हा आकडा ३,००० आहे. पण कायदा नाही म्हणतो म्हणून दोन टन बिनब्रेकचे ओढायचे का? गाडीचं मॅन्युअल बहुतेक त्याच्या बऱ्याच खालपासून ब्रेक मागतं.

लाइट लागत नसतील तर दहातल्या आठ वेळा पांढऱ्या वायरचा, म्हणजे अर्थिंगचा प्रॉब्लेम असतो. ट्रेलरच्या फ्रेमला जिथं ती बोल्ट केलीय तिथला गंज घासा. बाकी तपकिरी टेल लाइटची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. एकाला मागं उभं करून ब्रेक, डावं, उजवं, टेल, चारी बघून घ्या. मी हे काम लेकीला दिलंय, ती फारच कडक इन्स्पेक्टर आहे.

टायर आणि बेअरिंग, इथंच लोक रस्त्याकडेला उभे दिसतात

जुलैत शनिवारी ७५ वर किंवा ३५ वर जा, एक तरी बोट तीन चाकांवर शोल्डरला उभी असते. कारण जवळजवळ नेहमी टायर नाहीतर बेअरिंग.

ट्रेलरच्या टायरवर मापाच्या आधी एसटी लिहिलेलं असतं. आपला लाल डबा नव्हे, स्पेशल ट्रेलर. याची बाजूची भिंत जाड असते, गाडीचे टायर तिथं लावू नका. हवा थंड टायरमधे भरायची आणि टायरवर कमाल जेवढी लिहिलीय तेवढी पूर्ण. कमी हवा म्हणजे टायर जास्त वाकतो, वाकला की तापतो, तापला की फुटतो. बाहेर १०० फॅरनहाइट, डांबर त्याच्याहून तापलेलं, विचार करा.

दुसरं म्हणजे वय. बोटीचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. वर्षातून पंधरा-वीस फेऱ्या, बाकी उन्हात उभे, वरून नक्षी नवीकोरी दिसते आणि आत रबर तडकलेलं. डीओटी लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा, ३२१९ असेल तर २०१९ सालचा ३२ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही छान असली तरी बदला. कितीतरी एसटी टायर ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात, वरच्या वेगाचे असतील तर बाजूला एल किंवा एम अक्षर असतं, अनुक्रमे ७५ आणि ८१. बोर्डवर ७५ लिहिलंय म्हणून तुम्हाला ७५ नं जायची परवानगी टायरनं दिलेली नाही.

स्टेपनी पाहिजेच. आणि तिच्याबरोबर ट्रेलरच्या नटांना बसणारा पाना, कारण गाडीतला पाना बरेचदा बसत नाही, आणि ट्रेलरखाली जाईल असा जॅक. एकदा घरीच टायर काढून बघा. नवीन चाक बसवलं की १०, २५ आणि ५० मैलांवर नट परत टॉर्क रेंचनं आवळायचे. अर्ध्या इंची स्टडला सर्वसाधारणपणे ९० ते १२० फूट-पाउंड, पण ट्रेलरवाल्यानं दिलेला आकडा खरा.

आता बेअरिंग, माझा जखमेचा विषय. ट्रेलर वापरलेला घेतला होता, विकणारा म्हणाला नुकतंच ग्रीस केलंय, मी विश्वास ठेवला. तिसऱ्या फेरीला शर्मनच्या खाली मागून एकजण लाइट मारत मारत आला, खिडकीतून हात दाखवतोय, बघतो तर उजव्या चाकातून धूर. हब, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतात तो चाकाचा मधला भाग, एवढा तापला होता की जवळ हात नेववेना. टो ट्रक, नवीन हब, अख्खा शनिवार गेला, आणि कूलरमधला बर्फ वितळून भेळेच्या पिशव्या पोहत होत्या. चाक निखळून बाजूच्या लेनमधे गेलं नाही हे नशीब.

असं का होतं तर हायवेवर पळून हब गरम झालेला असतो, तुम्ही तो तसाच थंड पाण्यात बुडवता, आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. ग्रीसमधे पाणी गेलं की काही महिन्यांत गंज आणि मग धूर. त्यावर उपाय दोन. एक, रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं हब निवू द्या, तसंही तेवढं सामानसुमान लावायला लागतंच. दुसरा, बेअरिंग बडी नावाची स्प्रिंगची टोपी मिळते, ती आतलं ग्रीस थोड्या दाबाखाली ठेवते म्हणजे पाणी शिरायला जागा नाही. पण ग्रीस गन घेऊन दाबत सुटू नका, जास्त दाबलं की मागचं सील फुटतं आणि ग्रीस ब्रेकवर. आणि वर्षातून एकदा हब उघडून, बेअरिंग धुऊन, बघून, नव्यानं ग्रीस भरणं याला पर्याय नाही. मी थंडीत करतो, यूट्यूब बघून दोन तासांत होतं.

बोट ट्रेलरला बांधा, नुसती ठेवू नका

विंचचा पट्टा बोट वर ओढायला असतो, बांधायला नाही. पुढं त्याच्याशिवाय वेगळी साखळी किंवा टर्नबकल नाकाच्या कडीला लावा. मागं दोन्ही कोपऱ्यांच्या कड्यांमधून ट्रेलरच्या फ्रेमला दोन रॅचेटचे पट्टे, घट्ट, एवढे की बोट हलवली की ट्रेलर हलला पाहिजे. पट्ट्याला एक पीळ दिला की हायवेवर भुंग्यासारखं गुणगुणत नाही.

आउटबोर्ड, म्हणजे मागं बाहेर लटकणारं इंजिन असेल तर त्याला ट्रेलरवर टेकवणारी दांडी मिळते ती लावा, नाहीतर दर खड्ड्याला सगळा झटका मागच्या फळ्यावर. स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि प्रॉपेलरचा पाय बाहेर असेल तर तो ट्रेलरिंगच्या पोझिशनला वर घ्या. बिमिनी म्हणजे वरची कापडी सावली पूर्ण खाली, बांधून. सीटच्या गाद्या, जॅकेट, ट्यूब, टॉवेल, कूलरचं झाकण, जे जे उडू शकतं ते उडतं, आणि मागच्याच्या काचेवर जातं. बोटीत कुणीही बसायचं नाही, पोरं कितीही मागं लागली तरी.

इन्शुरन्सचं एका वाक्यात, गाडीची लायबिलिटी बहुधा ट्रेलरनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर चालते पण तुमच्या बोटीच्या नुकसानाला नाही, एजंटला विचारा.

रस्त्यावर

निघाल्यावर पाच-सात मैलांवर थांबा. मी अ‍ॅलनलाच एक्झिट घेतो. पट्टे सैल झालेत का, लॅच, साखळ्या, प्लग, सगळ्याला हात लावून बघा. पुढं, घरापासून वीसेक मैलांवर, मेलिसाला बकीज हा भला मोठा पेट्रोल पंप आहे, तिथं दुसरा थांबा, हबला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पुढं जाऊ नका. एक हब दुसऱ्यापेक्षा फारच गरम असेल तरी तेच. दहा-वीस डॉलरचं इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलं तर अंदाजपंचे काम नको. आणि बकीजला एवढे पंप आहेत की बोट घेऊन फिरायला जागा मिळते. इतर ठिकाणी पेट्रोलला शिरायच्या आधी बाहेर कसं पडणार ते बघून घ्या, कडेचा पंप धरा. आत अडकलात तर सगळ्यांसमोर रिव्हर्स घ्यावा लागतो.

वेग ६०-६५, उजवी लेन. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर असला की ५५ च्या वर कायद्यानंच जाता येत नाही. समोरच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर, त्या मोकळ्या जागेत कुणीतरी घुसणारच, घुसू द्या, परत अंतर वाढवा. टो-हॉल मोड असेल तर लावा, नाहीतर गिअरबॉक्स सारखा वर-खाली करत तापतो. उजवीकडं वळताना नेहमीपेक्षा पुढं जाऊन वळा, ट्रेलरचं चाक गाडीच्या चाकाच्या आतून येतं आणि फुटपाथवर चढतं. टायर त्यानंच खराब होतात.

आता ट्रेलर नागासारखा डोलायला लागला तर. जोराचा वारा, शेजारून अठरा चाकी जाणं, उताराला वेग वाढणं, अशानं सुरू होतं, मुळात मागं भार जास्त असेल तर लवकर. त्या क्षणी पाय आपोआप ब्रेककडं जातो, तिथंच चूक. गाडीचा ब्रेक जोरात मारला की ट्रेलर आणखी ढकलतो आणि आडवा होतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, डोलण्याच्या उलट फिरवत बसू नका, वेग आपला आपण उतरू द्या. थांबला की शोल्डरला घ्या आणि भार पुढं सरकवा. पुन्हा तसंच निघालात तर पुन्हा होणार.

रिव्हर्स

उसाच्या सीझनला कारखान्याच्या यार्डात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर एका झटक्यात मागं घेणारा ड्रायव्हर बघितलाय का? तो माणूस इथं रॅम्पवर आला तर लोक टाळ्या वाजवतील. आपल्याला एकच ट्रेलर आहे.

हात स्टिअरिंगच्या तळाला, घड्याळात सहा असतात तिथं. ट्रेलरचं बूड डावीकडं न्यायचंय तर हात डावीकडं, उजवीकडं न्यायचंय तर उजवीकडं. बस, बाकी उलटसुलट डोक्यात ठेवायला नको. थोडं थोडं फिरवा, अगदी हळू जा, ट्रेलर वळायला लागला की लगेच त्याच्यामागं जायला उलट फिरवा. कोन फार झाला तर थांबा, पुढं जा, सरळ करा, परत. त्यात कमीपणा काही नाही, वाकड्यातच रेटत राहिलं की दांडी बंपरला येऊन भिडते. लहान ट्रेलर मोठ्यापेक्षा जास्त चटकन वळतो, म्हणून छोटा म्हणून सोपा असं नाही. रविवारी सकाळी ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमधे दोन तास घालवा, कागदी ग्लास उलटे ठेवून त्यांच्यामधून. माझी बायको माझ्याआधी शिकली, अजून ऐकवते.

रॅम्पवर

रॅम्पच्या आधी तयारीची जागा असते, सगळं तिथं करा. मागचे पट्टे सोडा, सामान भरा, दोऱ्या बांधा, लाइटचा प्लग काढा, जुने बल्ब असतील तर गरम बल्ब पाण्यात तडकतात. आणि बूच लावा! तळाचं बूच विसरून बोट पाण्यात सोडलेला माणूस प्रत्येक लेकवर रोज एक तरी असतो. विंचचा पट्टा आणि पुढची साखळी मात्र पाण्याच्या कडेला जाईपर्यंत काढू नका, उतारावर बोट ट्रेलरवरून घसरून काँक्रीटवर पडते.

खिडक्या खाली, सीटबेल्ट काढून, हळू मागं. ट्रेलरची मडगार्ड जेमतेम बुडतील एवढं बहुतेक रॅम्पवर पुरतं. पार्क, हँडब्रेक, आणि मग गाडीच्या चाकांना ठोकळे. पाण्याच्या कडेचं काँक्रीट शेवाळानं गुळगुळीत असतं, चालताना सांभाळा, फ्लिपफ्लॉप घालून तर जाऊच नका.

परत चढवताना इंजिन मारून बोट ट्रेलरवर रेटू नका, विंचनं ओढा. प्रॉपेलरच्या धारेनं रॅम्पच्या टोकाशी पाण्याखाली खड्डा पडतो आणि पुढच्याच्या ट्रेलरचं चाक त्यात अडकतं.

वर आल्यावर बूच काढा, तळाचं पाणी, लाइव्हवेलचं म्हणजे मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं पाणी सगळं सोडा, ट्रेलरला लटकलेलं गवत काढा. हे नुसतं शिस्तीसाठी नाही. टेक्सोमामधे २००९ साली झेब्रा मसल सापडले, टेक्सासमधली ती पहिली जागा, मग २०१२ मधे रे रॉबर्ट्स, २०१३ मधे लुइसव्हिल. नखाएवढे शिंपले, पण पाइप आणि इंजिन बुजवतात, आणि त्यांची पिल्लं डोळ्याला न दिसणारी, राहिलेल्या पाण्यातून पुढच्या लेकमधे जातात. म्हणून टेक्सासमधे लेकवर जाताना आणि निघताना बोटीतलं पाणी काढणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि मसल वाहून नेताना सापडलात तर पहिल्या वेळेलाच ५०० डॉलरपर्यंत दंड. दुसऱ्या लेकवर जायचं असेल तर मधे आठवडाभर बोट कोरडी पडू द्या.

निघताना मागचे पट्टे, प्लग, लाइट, लॅच, सगळं पुन्हा. दमलेले असतो, ऊन लागलेलं असतं, पोरं पेंगतात, आणि हेच तपासणं गाळलं जातं.

राहता राहिलं बूच कुठं ठेवायचं. पूर्वी मी कप होल्डरमधे टाकायचो, मग एकदा ते गाडीतच राहिलं आणि बोट दुसरीकडं. आता बूच काढलं की बोटीच्या किल्लीलाच क्लिपनं अडकवतो. किल्ली लावायला गेलं की ते हातात येतंच. दर नारळी पौर्णिमेला बोटीला नारळ फोडतो तेव्हा त्या बुचालाही हळदकुंकू लावतो, लेकवरचे लोक बघत असतात.